भिंतीला भोक नको

आई, आपल्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, चिऱ्याच्या भिंतीत, उभ्या लाकडी गजांची. धाकट्याला कडेवर घेऊन तू तिथे उभी राहायचीस. मऊभाताचा घास त्याच्या ओठांशी, आणि नजर गजांबाहेर. "तो बघ काऊ आला, घे पटकन, नाहीतर नेईल हो तो." कावळा असो नसो. मीही तशीच जेवले असणार, पुढे माझा मुलगाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला काटा-चमचा धरायला शिकवलं, पण पोराला खिडकीशी नेलं की ते जेवतं हे मी तुझ्याकडूनच शिकले.

मुलाने यंदा पुण्याहून येऊन घराला रंग दिला आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीला ब्लाइंड बसवलं. म्हणाला, "आई, दुपारचं ऊन तुझ्या डोळ्यांवर येतं, आता ओढलंस की झालं." वर-खाली करायला बाजूला बारीक मण्यांची साखळी होती, दोन्ही टोकं जोडलेली, दिवाणाच्या उंचीपर्यंत लोंबणारी. खोक्यात प्लास्टिकचा एक आकडा निघाला. साखळी त्यात अडकवून भिंतीला ताणून बसवायची, म्हणजे ती सैल लोंबत नाही. तो ड्रिल घेऊन उभा, आणि मी म्हटलं, "नको रे, कालच तर रंग वाळलाय. भिंतीला भोक नको." तो हसला. "तुला ही भिंत सुनेपेक्षा लाडकी आहे!" सूनही हसली. आकडा मी खणात टाकला.

मे महिन्यात नात आली, दोन वर्षांची. तिला कडेवर घेऊन उभं राहणं आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मी दिवाण खिडकीखाली सरकवला. ती त्यावर उभी, मी शेजारी बसलेली, हातात ताटली. काऊ ये, चिऊ ये. ताटली चाटूनपुसून रिकामी व्हायची. "आमच्याकडे तर तोंड फिरवते, तुम्ही काय जादू करता आई?" सून विचारायची, आणि मी फुगायचे. चार दिवसांत ती आपली आपण दिवाणावर चढायला शिकली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात भात कालवते आहे. बाहेरून तिची हाक येते आहे, काऊ, काऊ. मग येत नाही. मला वाटतं, कावळा आला असेल. मी भातावर तूप घालते, मीठ चाखते. आणि मग सुनेची किंकाळी. ती न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली होती. साखळी मुलीच्या गळ्यात, पाय दिवाणावरून घसरलेले. सुनेने तिला वर उचललं, साखळी सैल झाली, पोर खोकली आणि रडली. डॉक्टर म्हणाले, वाचली, मागे काही त्रास राहणार नाही. गळ्याभोवती मण्यांच्या लाल खुणा होत्या, माळ घातल्यासारख्या. दुसऱ्याच दिवशी ती मंडळी पुण्याला गेली. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "काय वैनी, नात एवढ्यात पळाली? आंब्यांना कंटाळली की तुम्हाला?" मी हसले.

मला कुणी काही बोललं नाही, आई. मुलगा म्हणाला, चूक माझी, मीच ते बसवलं. सून म्हणाली, माझी, मी दार लावून आत गेले. पुढच्या रविवारी मुलगा एकटाच येऊन सगळं उतरवून गेला. साधे कापडी पडदे लावले, दिवाण समोरच्या भिंतीला नेला. बिनदोरीची ब्लाइंड्सही मिळतात, आपण विचारलंच नाही, म्हणाला. इतक्या मऊ आवाजात बोलत होता, जणू मीच आजारी आहे. तुझ्याकडे असं नव्हतं. मी इंग्रजी कविता पाठ करत बसले आणि दूध उतू गेलं, त्या दिवशी तू सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडलीस. "मेल्ये, लक्ष कुठे आहे गो तुझं? कान आहेत की खुंट्या?" दुपारपर्यंत तुझं तोंड चालू होतं. मग एकदम थांबलीस, मला ओढून पानावर बसवलंस आणि वाढलंस. तू बोलून मोकळी झालीस, की मीही सुटायचे. आता मला कोण सोडवणार? मी घरभर फिरते आणि त्या किंकाळीच्या आधीची शांतता ऐकत राहते. तेवढ्या वेळात मी मीठ चाखत होते.

दिवाळीला येतो म्हणतात सगळे. सून स्वतः म्हणाली, "आई, ती तुमची आठवण काढते." मी म्हटलं, बघू, गुडघ्यांचं काही खरं नाही. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, घडी करून इथेच ठेवीन. एवढं मात्र तुला सांगते. काल संध्याकाळी मुलाचा फोन आला होता. मागून तिचं 'आज्जी, आज्जी' चाललं होतं. तो म्हणाला, "देऊ का तिला?" मी म्हटलं, "नको रे, हात ओले आहेत माझे, मग करते," आणि फोन ठेवला.

हात कोरडे होते.