परिशिष्ट सात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त विमागणितज्ञ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आता थकले म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माणसे सरासरी किती जगतात हे मोजण्यात माझी चाळीस वर्षे गेली. स्वतःची किती उरली ते मोजायचा कंटाळा आला आहे.

एक. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते भाचीला द्यावे. सहा वर्षे तिने मला दवाखान्यात नेले-आणले आणि एकदाही "मावशी, मृत्युपत्र केलंस का?" असे विचारले नाही. धाकट्या भावाने दर भेटीत विचारले. त्याला बैठकीतले घड्याळ द्यावे. ते मागे पडते, हे आधीच सांगून ठेवते.

दोन. बँकेतील ठेव दगडखाण कामगारांच्या विधवांच्या संस्थेला द्यावी. भाऊ "का?" म्हणून विचारीलच, तेव्हा कारण लिहिते.

मी विमागणितज्ञांच्या संघटनेची अध्यक्ष असताना सरकारने पेन्शनचे वय साठावरून पासष्टावर न्यायचे ठरवले आणि आमचा अहवाल मागितला. साऱ्या देशाची सरासरी धरली तर ते रास्त दिसत होते. पण परिशिष्ट सातमध्ये मी खाणकामगारांचा वेगळा तक्ता जोडला होता. दगडाची धूळ खाणारा माणूस बहुधा पासष्टी गाठतच नव्हता. म्हणजे वर्गणी त्याने भरायची आणि पेन्शन दुसऱ्याने घ्यायची.

संघटनेचे सचिव म्हणाले, "बाई, हे पान काढा. मंत्र्यांना एकच आकडा हवाय. आज अडून बसलात तर उद्या आपल्याला कुणी विचारणार नाही."

"आणि काढलं तर?"

"सरकारच्या पेन्शन समितीत आपली खुर्ची पक्की."

मी पान काढले. खुर्ची असली तर पुढे चार लोकांचे भले करता येईल, अशी मनाची समजूत घातली.

दोन वर्षांनी एक बाई कार्यालयात आली. नवरा खाणीत होता, एकसष्टाव्या वर्षी गेला. ती रडली नाही. "हा नियम कुणी केला, तेवढं विचारायला आले," म्हणाली.

"त्यात मी होते."

"मग तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्यात माणसं किती जगतात ते."

मला ठाऊक होते. तसे तिला सांगायची हिंमत झाली नाही. पुढच्या आठवड्यात मी ते पान समितीपुढे ठेवले आणि ते मीच काढले होते, हेही सांगितले. महिन्याभरात अध्यक्षपद गेले. खाणकामगारांचे पेन्शनचे वय खाली यायला आणखी पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत किती गेले, तो आकडा मला पाठ आहे. इथे लिहीत नाही.

तीन. सचिवांना दोष देण्यात मी बराच काळ घालवला. सल्ला त्यांचा होता, हात माझा होता. तो दोष या कागदान्वये मागे घेते.

चार. संघटना माझा फोटो भिंतीवर लावणार असे ऐकते. लावू नये. नव्या सभासदांना सहीचा अधिकार देण्यापूर्वी एक दिवस खाणीवर न्यावे. ही विनंती आहे. अटी घालण्याइतकी ताकद आता उरली नाही.

पाच. माझ्या मृत्यूची नोंद करताना भाचीने धंद्याचा रकाना रिकामा सोडू नये. खाणकामगारांच्या शेकडो दाखल्यांवर तो रिकामा होता, म्हणून कोण कशाने गेले हे कळायला इतकी वर्षे लागली. कारकून म्हणेल, "राहू द्या हो, म्हाताऱ्या होत्या." तरी लिहायला लावावे.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर (सही). खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही, मजकूर वाचून दाखवला).

ठिकाण: राहते घर. सतरा ऑक्टोबर, मंगळवार, दुपार.

लिहून देणार (सही)