लाल स्प्रिंगा आणि किहीमचं स्थळ

आदरणीय बाळाराममामा,

तुम्हाला आणि मामीला रत्नपालचा खणखणीत जय भीम. मी इकडे गुजरातेत बंदरावर ट्रेलर चालवतो आहे आणि ठणठणीत आहे, फक्त इथे डाळीतसुद्धा साखर घालतात. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं आईकडून कळलं. वाचायची मनाई आहे, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असणार. (मामी, कंसातलं मोठ्याने वाचू नका, ते तुमच्या-माझ्यात.) फोनच केला असता, पण तुम्ही फोनवर आधी ओरडता आणि मग ऐकता. पत्राला ओरडलं तरी ते आपलं पुढे चालूच राहतं.

तर तुम्ही जोडून दिलेल्या किहीमच्या स्थळाकडे काय झालं ते तुम्हाला एकाच बाजूने कळलं असेल, कारण त्या दिवशी तुम्ही पनवेलला दवाखान्यात होतात. दुसरी बाजू मी सांगतो. ती सुरू होते स्प्रिंगांपासून.

मामा, माझी स्वतःची गाडी तुम्ही पाहिलीत तेव्हा ती उंच होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये एवढी फट, की कोंबडी आत बसून निवांत अंडं घालून जाईल. पाण्यातून जाताना बाईने लुगडं वर धरावं तशी ती गाडी रस्त्याने चालायची. (मामी, माफी.) गाडी कशी जमिनीला धरून असावी! आपल्याकडची पोरं मूळच्या स्प्रिंगा कटरने कापतात आणि मग खड्ड्यात दात पडेपर्यंत आपटतात. मी तसला अडाणी नाही. (सातवी नापास आहे, पण स्प्रिंगेत नाही.) गाडी खाली घ्यायला वेगळ्या तयार स्प्रिंगा मिळतात, उंचीला कमी आणि अंगाने कडक. इथे कमलेशभाईच्या दुकानात त्या तीन रंगांत टांगलेल्या असतात. काळी लावली तर गाडी नखभर खाली येते, म्हणजे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. पिवळीने दोन बोटं येते. आणि लाल! लाल लावली की गाडी रस्त्याच्या कानात बोलायला लागते.

निवडायला मला कितीतरी दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत मी यार्डात उकिडवा बसून लोकांच्या गाड्यांची फट बघायचो, तर सुपरवायझरने पोटाच्या गोळ्या आणून दिल्या. शेवटी कमलेशभाईने एकच विचारलं, की गाडीत माणसं किती बसतात. मी म्हटलं, एकटा. खोटं काय त्यात? इथे गाडीत मी आणि रेडिओ. तो म्हणाला, एकटा असशील तर लाल घे, घरची माणसं असतील तर पिवळी. मी लाल घेतली. आणि मामा, काय सांगू! वळणावर गाडी झुकायचं नावच घेईना. मी मुद्दाम त्याच वळणावर पुन्हा पुन्हा गेलो, शेवटी तिथल्या चहावाल्याने विचारलं, काही हरवलंय का.

अशी ती गाडी घेऊन मी सुट्टीवर उरणला आलो आणि सकाळी किहीमला मुलगी बघायला निघालो. ठरले होते आई, बाबा आणि मी. पण आपल्याकडे गाडी दारातून निघताना समोर उभ्या माणसाला येता का म्हणून विचारावं लागतं, आणि विचारलेला माणूस येतो. रखमाआत्या आली. शेजारच्या चांगदेव तात्यांना अलिबागला गुडघा दाखवायचा होता, ते आले. आत्या रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही, म्हणून डिकीत तांदळाचं पोतं आलं. गाडी जी बसली ती बसलीच. वडखळच्या पुढे प्रत्येक गतिरोधकाला सगळे उतरायचे, रिकामी गाडी मी तिरकी करून हळूच पलीकडे न्यायचो, मग सगळे पुन्हा बसायचे. आत्या तर पुढे चालत जाऊन हात दाखवून समोरची वाहनं थांबवायला लागली. एका ट्रकवाल्याने तिला साहेब म्हटलं, तेव्हापासून ती खुशीत होती.

घात झाला तो मुलीच्या गल्लीत. दोन्हीकडे वाडीचे दगडी गडगे, आणि मधोमध पाण्याचा पाइप टाकून वर सिमेंटचा उंचवटा. मी म्हटलं, आत्या, उतरा. आत्या म्हणाली, "पावण्यांच्या दारात आता पायी जाऊ व्हय? चालव तू." मी चालवली. पोट उंचवट्यावर टेकलं आणि गाडी थांबली. दोन्हीकडे गडगा, दरवाजे वीतभर उघडतात, माणूस बाहेर निघत नाही. आम्ही पाचही जण आत.

मग मामा, मुलगी बघायचा कार्यक्रम खिडकीतून झाला. पोहे खिडकीतून आले. प्रांजली चहा घेऊन गडग्याला चिकटत आली आणि कप द्यायला वाकली. (मामी, गाडी उंच असती तर ती एवढी वाकली नसती. मी लाल स्प्रिंगांचे मनातल्या मनात आभार मानले.) हसू दाबताना तिच्या हातातला कप हलत होता. मला तिथेच कळलं, की लग्न करायचं तर हिच्याशीच.

तेवढ्यात तिचे वडील, प्रफुल्लकाका, समोरून आले. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, स्प्रिंगा घेताना माणसं किती धरली होती. मी खरं ते सांगितलं, एक.

ते म्हणाले, "मग आमची प्रांजली कुठे बसणार?"

पुढे गल्लीतल्या पोरांनी डिकी उघडून आधी तांदूळ काढला, मग तात्यांना काढलं (गुडघा आधी), मग मागून गाडी उचलली. निघताना काका म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही, आणि मला इथे जेवण जात नाही. साखरेमुळे नाही.

बाकी सगळं बरं आहे. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. लहानांना आशीर्वाद, मामीच्या सुकटीच्या चटणीची आठवण येते.

तुमचाच,
रत्नपाल

ता. क. : खरं काम हे आहे. डॉक्टरांनी बाहेर पडू दिलं की प्रफुल्लकाकांकडे जाऊन सांगा, की रत्नपाल लाल काढून पिवळ्या बसवतो आहे, आणि या वेळी पाच माणसं धरली आहेत, पहिली प्रांजली. कमलेशभाईने पिवळ्या बाजूला काढून ठेवल्यात. त्यांचा होकार आला की लगेच बसवतो. त्या गल्लीत मात्र चालत जा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात प्रांजलीचा फोन आला. तुम्ही त्यांना दिलेल्या माझ्या माहितीच्या कागदावर नंबर होता म्हणे. मी पिवळ्यांचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "लालच राहू द्या. बाकीचे एसटीने येतील." तेव्हा मामी, मामांना काकांकडे पिवळ्यांचंच सांगू द्या. (मामी, हा ता. क. मामांनाही वाचून दाखवू नका.)