शाळेच्या मैदानातला जानवसा

१० एप्रिल, शुक्रवार
तिसरीच्या वर्गात आज पुन्हा स्लॅबचा पोपडा पडला. मुलं ओट्यावर खिचडी खात होती म्हणून. नाहीतर... मोरे सरांचा फोन आला तेव्हा कोर्टात जायला निघालेच होते, तशीच शाळेत वळले. पुढच्या बाकावर परातीएवढा तुकडा. वर पाहिलं तर गंजलेले गज. त्या बाकावर कोण बसतं, हे विचारायचं धाडस झालं नाही. सरांनी आपणहून सांगितलंही नाही.

१ मेच्या ग्रामसभेत विषय आहे : जिल्ह्याच्या ग्रामविकास निधीतून ग्रामपंचायतीनं कर्ज काढायचं आणि चारही खोल्या दुरुस्त करायच्या. गावानं हात वर केले तर शाळा उघडायच्या आत काम होतं. नाही केले तर जूनमध्ये मुलं पुन्हा त्याच गजांखाली.

विरोध करणारा माणूस एकच. पण तो दत्तूभाऊ आहे. विंचूरला कांद्याचा व्यापार, अर्ध्या गावाचा माल त्याच्या वजनकाट्यावरून जातो, आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्याचं बोलणं आवडतं.

मला काळजी नाही. माझंही आवडतं.

१२ एप्रिल, रविवार
मारुतीच्या पारावर आज तालीम झाली म्हणायची. पंचवीस-तीस माणसं. दत्तूभाऊनं टोपी मांडीवर ठेवली, म्हणजे आता मोठं बोलणार.

"शाळा कुणाची? जिल्हा परिषदेची. मग कर्ज गावानं का काढायचं? आज आपण छत केलं, उद्या सरकार म्हणंल मास्तरचा पगार बी तुम्हीच द्या. एकदा खिसा उघडा दिसला का कुणी दुसरीकडं बघत नाय."

हा मुद्दा खोटा नाही. हे मी इथेच लिहिते, बाहेर बोलणार नाही.

मग त्यानं हसवायला सुरुवात केली. "आन् शाळेला झालंय काय? माझ्या तिन्ही बहिणींचे जानवसे याच शाळेत उतरले. वऱ्हाडं दोन-दोन दिवस लोळली. एकाच्या बी डोक्यात खडा पडला नाय. घोरण्यानं पडायचं असतं तर तेव्हाच पडलं असतं छत!"

लोक खो खो. मीही हसले, लपवण्यात अर्थ नव्हता.

मग उभी राहिले. म्हटलं, भाऊ, सरकारशी भांडायचंच आहे, अर्ज मी लिहीन, कोर्टात मी जाईन, फुकट जाईन. पण भांडण चालू असताना मुलांनी बसायचं कुठे? जगात कुठल्या शहाण्या गावानं पाणी, गटार, शाळा रोखीनं बांधली ते दाखवा. जे पन्नास वर्षं टिकतं त्याचे पैसे पन्नास वर्षं वापरणाऱ्यांनी मिळून द्यायचे असतात. आणि हप्त्याची तुम्हाला कसली भीती? ट्रॅक्टर हप्त्यावर, फटफटी हप्त्यावर, हातातला मोबाईल हप्त्यावर. एकट्या शाळेलाच रोख मागता?

टाळ्या. दत्तूभाऊनंही वाजवल्या. "वकीलवहिनी, तुम्ही कांद्याच्या धंद्यात पाहिजे होत्या. सडका माल बी विकला असता."

"तुमचा घेतलाच आहे की मघाशी ऐकून," मी.

छान झालं. खरंच छान झालं.

१५ एप्रिल, बुधवार
नाशिकला तारीख होती. येताना द्वारका चौकात एसटी अशी अडकली की आख्खं भाषण मनात जुळवून झालं. सुरुवात, मध्य, सगळं. शेवट सापडत नाही. शेवट असा हवा की त्यानंतर समोरच्यानं फक्त खाली बसावं.

संध्याकाळी मळ्यातल्या वस्तीवर गेले. कांदा काढणी चालू, बायका वाकलेल्या. एकीनं विचारलं, "घरपट्टी वाढल का, ताई?" म्हटलं, वाढेल, थोडी. खोटं बोलून मत नको. ती म्हणाली, "मंग वाढू द्या. आमचं पोरगं पावसाचं घरीच ठिवते मी. शाळंत पाठवायचं म्हंजे जीव टांगणीला." दुसरी म्हणाली, "तिचं ऐकू नका, तिचं पोरगं उन्हाळ्यात बी घरीच असतं." हसू. पण दोघींनी येते म्हणून सांगितलं. ग्रामसभेआधी होणारी महिलांची सभा आपली आहे, याबद्दल शंका नाही.

१८ एप्रिल, शनिवार
दत्तूभाऊ पत्रिका घेऊन आला. मोनालीचं लग्न, २६ ला, त्यांच्याच शाळेलगतच्या मळ्यात. मोनालीला मी चौथीपासून वक्तृत्वाला उभी केली, याच शाळेत. पहिल्या स्पर्धेत अर्ध्यात भाषण विसरली आणि तशीच उभी राहिली, रडली नाही. तेव्हाच ओळखलं होतं पोरीला.

आमचे हे आणि दत्तूभाऊ एका बाकावर शिकलेले, त्यामुळे तो आधी यांच्याशी बोलला. "अशोक, तुझ्या बायकोनं पारावर माझी पार सालटी काढली."

हे म्हणाले, "घरी माझी काढते ती तुला कुठं दिसतात."

मग माझ्याकडे वळला. "वहिनी, सभेत काय बोलायचं ते बोला. पण मांडवात माईक तुमच्याच हातात पाहिजे. भाड्याचा निवेदक नको मला. पोरीचं नाव त्याला धड घेता येत नाय."

गावातल्या लग्नांत स्वागत, सत्कार, नावं पुकारणं हे गेली बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. तरी त्यानं या दिवसांत येऊन मागावं हे आवडलं. हो म्हटलं. पत्रिकेवर हळदकुंकू लावून यांच्या हातात अक्षता दिल्या त्यानं. जाताना दारात म्हणाला, "पण सभेत मी हरणार नाय हां."

२४ एप्रिल, शुक्रवार
सापडला! शेवट सापडला.

एसटीतून उतरले तर शाळेच्या मैदानात ट्रकमधून बांबू, कापड, गाद्या उतरत होत्या. मंडपवाल्याला विचारलं, हे काय? "दत्तूभाऊंचा जानवसा. वऱ्हाड उद्या हळदीला येतंय ना, मुक्कामाला. कूलर बी लावायचेत." म्हटलं, खोल्या आहेत की चार. तो म्हणाला, "शेटनी सांगितलंय, खोल्या उघडायच्या बी नाय."

वर्गांच्या भिंतीपासून हाकेवर सुद्धा नाही, हातभर अंतरावर. शाळा उभी, आणि तिच्याशेजारी कापडाचं छप्पर.

घरी येईपर्यंत वाक्य तयार होतं :

जे छप्पर एका रात्रीसाठी व्याह्यांच्या डोक्यावर नको, ते दहा महिने आपल्या लेकरांच्या डोक्यावर कसं चालतं?

पारावर ज्यानं तीन बहिणींचे जानवसे मोजून दाखवले त्यालाच हे विचारायचं. यावर उत्तर नाही. मी स्वतः त्याची वकील असते तरी मला सापडलं नसतं.

हे अंबडच्या कंपनीतून आले, हात धुवत होते, तेव्हाच म्हणून दाखवलं. हे बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले.

"वाक्य चांगलं आहे," म्हणाले. "बोलू नकोस."

का?

"लेकीचं लग्न आहे. त्या घरात माईक तुझ्या हातात दिलाय त्यानं. मांडवात पाहुणी म्हणून जायचं, आणि तिथं जे दिसलं ते सभेत नेऊन मांडायचं?"

म्हटलं, मला ते मांडवात दिसलेलं नाही, रस्त्यावरून दिसलंय.

"कोर्टात चालंल हे."

भांडलो. म्हटलं, पोरांच्या डोक्यापेक्षा दत्तूभाऊची टोपी मोठी आहे का? हे म्हणाले, टोपीचं नाही, मोनालीचं नाव निघेल. सासरी पोचेल. नव्या नवरीला पहिल्या आठवड्यात ऐकावं लागेल की तुझ्या बापाला गावानं जानवशावरून भर सभेत विचारलं. मी म्हटलं, त्या बाकावर मोनालीच बसत होती एके काळी. यावर हे ताटं घ्यायला उठले. मी जिंकले असं म्हणता येईल.

२६ एप्रिल, रविवार
लग्न छान झालं. मोनाली देखणी दिसत होती आणि चक्क शांत.

दुपारी मुहूर्ताआधी वारं सुटलं. अवकाळीचं वातावरण, थेंब नाही, नुसती धूळ. वऱ्हाड अजून जानवशातच होतं. मी नवरदेवाकडच्या मानकऱ्यांची नावं घ्यायला तिथे गेले, हातात कॉर्डलेस माईक. जानवशाचं कापड फडफडायला लागलं तशी दोघं-तिघं म्हातारी माणसं खुर्च्या उचलून शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली. नवरदेवाच्या चुलत्यानं तर तिसरीच्या वर्गाच्या दाराला पाठ लावली.

दत्तूभाऊ फेटा सावरत धावत आला. आवाज अगदी खाली. "पाव्हणं, इथं नको. तिकडं कूलर हाय. उठा, उठा, मी खुर्ची घेतो."

"अहो राहू द्या, सावली चांगली आहे," ते म्हणाले.

"नको. इथं नको."

त्यानं स्वतः खुर्ची उचलली. वळला तर समोर मी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या माईककडे. माईक चालू होता, दिवा हिरवा. सगळं गाव मांडवात, आवाज थेट तिथे गेला असता.

मी चुलत्यांचं नाव विचारलं, मांडवात परत आले आणि त्यांना सत्काराला पुकारलं.

संध्याकाळी पाठवणीला मोनाली गळ्यात पडली. "काकू, एक तारखेला मी नसणार. चांगलं बोला." तिला काय ठाऊक आहे आणि काय नाही, कळलं नाही. विचारण्याची ती वेळ नव्हती.

२९ एप्रिल, बुधवार
दोन दिवस स्वतःशी खटला चालवतेय. दोन्ही बाजू मीच.

बाजू पहिली : तो माणूस जाणतो. त्याला छताची भीती आहे आणि तो ती पाहुण्यांपुरती वापरतो. हे गावाला समजलं पाहिजे. शिष्टाचारापायी उद्या काही पडलं तर मी कुणाला तोंड दाखवणार?

बाजू दुसरी : त्यानं खुर्ची स्वतः उचलली. ज्या आवाजात तो "इथं नको" म्हणाला, तो सभेतला आवाज नव्हता.

निकाल राखून ठेवला आहे. वाक्य मात्र रोज अधिक चांगलं वाटतं, हीच पंचाईत.

काल महिलांची सभा झाली. सगळे हात वर. मळ्यातल्या त्या दोघीही आल्या, भांडतच आल्या.

१ मे, शुक्रवार
झेंडावंदन, मग सभा. पटांगण भरलेलं. ग्रामसेवकांनी विषय वाचला.

दत्तूभाऊ आधी बोलला. सरकारचा मुद्दा, घरपट्टीचा मुद्दा. बहिणींचे जानवसे या वेळी काढले नाहीत. हसवलंही नाही. लोक वाट बघत होते, त्यानं टोपी डोक्यावरच ठेवली.

मी उठले. सुरुवात जोरात झाली. हप्त्याचं आलं, टाळ्या आल्या. पन्नास वर्षांचं आलं. आणि शेवटाशी पोचले. "जे छप्पर एका रात्रीसाठी..." इथपर्यंत तोंडातून गेलं. पहिल्या रांगेत दत्तूभाऊ. त्यानं मान खाली घातली नाही. सरळ माझ्याकडे बघत होता, डॉक्टर काय सांगतो ते ऐकायला बसल्यासारखा. यांच्याकडे पाहिलं नाही, तेवढं शहाणपण केलं.

"...एका रात्रीच्या पावसात गळतं, ते पुढचा पावसाळा काढणार नाही," असं म्हणून बसले. इतका फुसका शेवट मी शाळेतसुद्धा केला नव्हता.

मतदान हात वर करून. बाजूनं पुष्कळ. विरोधातही पुष्कळ. विरोधाचे हात मोजत होते तेव्हा मी पाहिलं : दत्तूभाऊचे दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्या मागच्या रांगेतल्यांनीही ते पाहिलं. एकानं हात खाली घेतला, दुसऱ्यानं अर्धा. "धरा की रे नीट, हात हाय का एसटीचा दांडा!" असं कुणीतरी ओरडलं. ग्रामसेवकांचा आकडा चुकला, पुन्हा मोजायला लागले, तोवर अर्धे उभे, अर्धे बाहेर. आरडाओरडा. सभा तहकूब. पुढच्या रविवारी, १० ला, हाच विषय.

घरी येताना हे म्हणाले, "चांगलं बोललीस."

म्हटलं, खोटं बोलू नका.

"बरं. वाईट बोललीस. चांगलं केलंस."

ते अजून ठरलेलं नाही, मी म्हटलं.

३ मे, रविवार
सकाळी दत्तूभाऊ. लग्नाची बुंदी घेऊन. हे बाजारात गेलेले, हे त्याला ठाऊक असणार.

"वहिनी, परवा तुमचं भाषण लय फिकं झालं."

"तुमचा हात तरी कुठं दिसला?"

हसला, पण पारावरचं हसू नव्हतं. बशीत चहा ओतला, प्यायला नाही.

"तुम्ही जे बोलणार होत्या ना, त्याचं उत्तर मी पाठ करून आलो होतो. चार दिवस तेच करत होतो."

"काय उत्तर?"

"तुम्ही विचारलंच नाय. आता कसं सांगू?"

म्हटलं, भाऊ, छताचं काय ते सांगा. उत्तराचं राहू द्या.

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. आमच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. जानवशाच्या बांबूंचे खड्डे अजून बुजवलेले नाहीत. "सरकारनं करायला पाहिजे, हे मी मरेपर्यंत म्हणणार," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "शाळा उघडती कधी?"

"जूनच्या मध्यात."

"दहा तारखेला विचारणार का मला? सगळ्यांसमोर?"

"हात कुठे ठेवणार आहात, त्यावर आहे."

यावर त्यानं चहा संपवला. "बुंदी आजच खा, उन्हाची टिकायची नाय," म्हणाला आणि गेला. फाटकाशी थांबला, मैदानाकडे पाहिलं, खड्ड्यांना वळसा घालून शाळेच्या ओट्यापर्यंत गेला. तिसरीच्या वर्गाच्या दारात उभा राहून वर बघत होता. आत गेला नाही.

दुपारी बसून भाषण लिहिलं. एक नाही, दोन. एकात ते वाक्य आहे, एकात नाही. दोन्ही पर्समध्ये ठेवली आहेत. रविवारी दोन्ही घेऊन जाणार.