एकोणचाळिसावा उपास

अमरावती, बुधवार, १५ फेब्रुवारी १९६१. राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस.
चर्चमध्ये पहाटेची उपासना, मिस्सा. कपाळावर राख. वय चौसष्ट. साठीनंतर चर्चचा नियम उपासातून मोकळीक देतो. ती मी घेतलेली नाही, घेणारही नाही. एकविसाव्या वर्षापासून एकही उपासकाळ चुकविलेला नाही. रविवार वगळून चाळीस दिवस. दिवसभर पाणी व कोरा चहा, सूर्यास्तानंतर एकच जेवण. मधल्या अल्पोपाहारास परवानगी आहे, ती दुर्बळांसाठी.
फादर वसईकडचे, तरुण. प्रवचनात व्याकरणाचे दोन लिंगदोष. नंतर दाखवून दिले. म्हणाले, "मास्तर, उपासात राग कमी करायचा असतो." रागाचा प्रश्नच नव्हता.
उपास १ ला. पूर्ण.

मंगळवार, २१ फेब्रुवारी.
सौ.चा चेहरा ओढलेला. साखरेच्या आजाराची गोळी नाताळापासून चालू आहे. शेजारच्या सुमनबाई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, त्या आणून देतात. विचारले. "काई नाई, ऊन लागलं असन." बरे.
उपास ६ वा. पूर्ण.

बुधवार, १ मार्च.
सकाळी साडेदहाला अंगणात घागर पडल्याचा आवाज. पाहतो तो सौ. नळाशी कोसळलेली, घामाने निथळणारी, हात थरथरणारे. सुमनबाई भिंतीपलीकडून माझी हाक ऐकून धावल्या. साखरेचे पाणी पाजले. अर्ध्या तासाने सावरली.
मग सुमनबाई मला बाजूला घेऊन बोलल्या. "मास्तर, गोयी घेतल्यावर अर्ध्या तासात जेवा लागते. काकू संध्याकाळलोक उपाशी रायतात. तुमाले मालूम नाई?"
मला ठाऊक नव्हते. तिला मी उपास सांगितलेलाच नाही.
"तुमी जेवत नाई तं त्या कशा जेवतीन? तुमच्या आंधी कधी जेवल्या काय?"
चाळीस वर्षांत नाही. माझे ताट उठल्यावर तिचे ताट. हे मी कधी घालून दिले नव्हते; मोडलेही नव्हते.
जाताना म्हणाल्या, "आमी बौद्ध झालो तवा जुने उपास सारे सोडून देल्ले. कोनी मेलं नाई. उपासानं मरतीन पन."
उद्धट बाई. पण
उपास १३ वा. पूर्ण.

गुरुवार, २ मार्च.
सौ.ला स्पष्ट आज्ञा केली: गोळीनंतर जेवायचे, माझी वाट पाहायची नाही. "हो," म्हणाली. प्रश्न मिटला.
उपास १४ वा. पूर्ण.

शनिवार, ४ मार्च.
मिटलेला नाही. सुमनबाईंची शेळी कुंपणाशी ज्वारीची भाकर खात होती. भाकर आमच्या तव्यावरची, कडा ओळखल्या. सौ.ला विचारले. खाली पाहून म्हणाली, "तुमी तिकडे कोऱ्या चायवर बसले अन् मी इकडे कालवन ओरपू? घशाखाली उतरत नाई माह्या."
रागावलो. आवाज चढला.
उपास १६ वा. पूर्ण. (पूर्ण?)

सोमवार, ६ मार्च.
मार्ग सापडला. मिस्सेहून परतल्यावर सांगितले की फादरांच्या आग्रहावरून तेथेच न्याहारी केली; यापुढे रोज तेथेच करीन. तिने माझ्याकडे पाहिले. "खरंच?" "हो." हात धुऊन तिने ताट घेतले. वरण-भाकर पोटभर जेवली. मी कोरा चहा घेऊन ओसरीवर बसलो.
उपास १७ वा. पूर्ण.

सोमवार, २० मार्च.
सौ.ची तब्येत सुधारली. रंग आला. काल माहेरची, मोर्शीची, संत्री आली. सोलताना गुणगुणत होती. आज म्हणाली, "फादर चांगले हायेत. तुमाले कोनी तं वठनीवर आनलं."
वर्गात मी शिकवीत असे: देह रिता झाला की आत्म्यात देवासाठी जागा होते. माझा देह रिता आहे. त्या जागेत रोज सकाळी मीच जाऊन बसतो आणि खोटे बोलतो.
उपास २९ वा. पूर्ण.

सोमवार, २७ मार्च. पवित्र आठवडा.
पापनिवेदन केले. पडद्यापलीकडून फादर म्हणाले, "तीन आठवडे माझ्या नावाने जेवलात, मास्तर, आणि मला आमंत्रणही नाही." हसतील असे वाटले, हसले नाहीत. "बाईंना खरे सांगा. आणि मग जे करावे लागेल ते करा. तोच तुमचा उपास."
त्यांच्या वाक्यात आज एकही दोष सापडला नाही.
उपास ३५ वा. पूर्ण.

बुधवार, २९ मार्च.
सौ.ला सांगितले. रडली नाही, भांडली नाही. ताट उचलून झाकून ठेवले. "लबाडीचं जेवन झालं म्हना मंग." गोळी घेतली, जेवली नाही. दुपारी हात थरथरू लागले. साखरेचे पाणी मीच पाजले.
उपास ३७ वा. लिहिले खरे.

गुरुवार, ३० मार्च.
आज तिने गोळीच घेतली नाही. "तुमचा उद्याचा दिवस पार पडू द्या." सुमनबाई भिंतीपलीकडून: "दोन दिवस गोयी नाई घेतली तं काकूले दवाखान्यात न्या लागन. मंग करजा तुमचे उपास तिथं बाकावर बसून."
उपास ३८ वा.

शुक्रवार, ३१ मार्च. गुड फ्रायडे.
या दिवशी, दुपारी तीनची उपासना होईपर्यंत, लहानपणापासून माझ्या तोंडात अन्नाचा कण गेलेला नाही. वडील तर थुंकीही गिळत नसत.
आठ वाजता गोळी तिच्या हातावर ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन ताटे मीच वाढली. वेडीवाकडी. भाकर कालची, वरण गरम केलेले.
तिने पदर तोंडाशी धरला. "आज नोको. आजच्या दिवशी तरी नोका खाऊ. मी एका दिवसानं मरत नाई."
"गोळी घे."
"पाप लागन तुमाले."
"लागू दे. माझे मी पाहीन."
घास घेतला. पाण्याबरोबर गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला चव लागली. वरणाला लसूण होता. हे मला अपेक्षित नव्हते; आजच्या दिवशी चव लागावी याची लाज वाटली.
तिने गोळी घेतली. माझे ताट उठण्याची वाट पाहत बसली. मी उठलो नाही. पावणेनऊ झाले. शेवटी भिंतीकडे तोंड करून तिने भाकरीचा तुकडा मोडला. माझे ताट अजून पुढ्यात होते.
तीनला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. नेहमीची पहिल्या रांगेतली जागा रिकामी राहिली. लोकांनी वळून पाहिले.
येताना फादरांनी काही विचारले नाही. मीही सांगितले नाही. सांगितले असते तर तेही मिरवणे झाले असते.
उपास ३९ वा.
पुढचा शब्द अर्धा तास सुचत नाही. सौ. विचारते आहे, उद्या सकाळी काय शिजवू. दोघांसाठी की