कानांचं टचिंग

३ जानेवारी
आजपासून दिसण्याचा विचार बंद. दहावीचं वर्ष आहे. आरशात फक्त दात घासताना बघायचं.

४ जानेवारी, सकाळी
दात जरा जास्त वेळ घासले. आई बाहेरून ओरडली, बाथरूम भाड्याने घेतलीस का म्हणून. डावीकडून कान ठीक आहेत. उजवीकडूनही. समोरून मात्र दोन्ही एकदम दिसतात.

६ जानेवारी
सोमवारी वर्गाचा ग्रुप फोटो. काढणार आमचे बाबा, कारण शाळेजवळ फोटो स्टुडिओ एकच, आणि तो आमचा. फोटो कायमचा शाळेच्या जिन्यात लागणार. मी शाळा सोडली तरी कान तिथेच. मला स्वतःला काही फरक पडत नाही. जिन्याचा प्रश्न आहे.
सोमवारपर्यंत केस वाढवायचं ठरवलं. ताई हसली. तिला प्लॅनिंग कळत नाही.

९ जानेवारी
केस वाढले नाहीत. मागच्या रांगेत एका उंच मुलाच्या आड उभा राहिलो. बाबांनी सगळ्यांसमोर हाक मारून मला मधोमध आणलं. म्हणाले, लपतोस कशाला. बाप आहे की वैरी!

१० जानेवारी
बाबांनी कॉम्प्युटरवर सगळ्यांचं टचिंग केलं. एकेकाचे पिंपल्स साफ. मला मात्र हातही लावला नाही. म्हणे, तू छानच आलायस.
ते जेवायला गेल्यावर मी बसलो. कान थोडे आत ढकलले. मग अजून थोडे. एकदम नॅचरल. कुणाच्या बापाला कळणार नाही.

१२ जानेवारी
फोटो जिन्यात लागला. माझे कान ढकलताना दोन्ही बाजूच्या मुलांचे गाल माझ्याकडे ओढले गेलेत. हे तेव्हा दिसलं कसं नाही? ज्यांनी माझे कान कधी बघितले नव्हते, तेही आज फोटो आणि मी ताडून बघून गेले.

१३ जानेवारी
बाबांनी मूळ फोटो पुन्हा छापला. रागावले नाहीत. रागावले असते तर उत्तरं तयार होती. एवढंच विचारलं, की हे कान इतके वाईट दिसतात का. मी म्हणालो, भयंकर. ते म्हणाले, बरं. मग मी त्यांच्याकडे समोरून नीट बघितलं. पहिल्यांदाच. अगदी तेच कान.
संध्याकाळी त्यांना बोलवायला स्टुडिओत गेलो. बाबा गिऱ्हाइकांच्या आरशासमोर कंगवा घेऊन उभे होते. बाजूचे केस कानांवर ओढून बघत होते. पुरत नव्हते.