उरलेल्या कॅप्सूलींचा डबा

आप्पा,

आज सकाळी प्रयोगशाळेत एका बशीकडे बघताना तुमची फार आठवण आली. आठवण यायला ही काय जागा, असं तुम्ही म्हणाल. नांदेडला माझं काम हेच. रुग्णाच्या नमुन्यातले जंतू बशीत वाढवायचे, त्यांवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण पडतं. कुठलं औषध चालेनासं झालं ते तक्त्यात भरायचं; देशोदेशीचे असे तक्ते एकत्र करून पाहतात. आजच्या बशीत एकही रिंगण नव्हतं.

दुष्काळात तुम्ही उदगीरजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. खडी फोडणारी माणसं गढूळ पाणी पिऊन हगवणीनं बेजार होऊन येत. अजून दिसतं: लहानगी मी कपाटापाशी बसलेली आहे. तुमच्या कपाळावर विभूती, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. एकाच्या कॅप्सूल तुम्ही तिघांना वाटताय. "बरं वाटलं की बंद करा. उरलेल्या माघारी आना, दुसऱ्याच्या कामी येतील." आणि लोकही इतके इमानी, की दोन उरल्या तरी पदराच्या गाठीत बांधून आणून द्यायचे. दारातून कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढाच तुमचा हिशेब. अर्धवट औषधानं जंतू पुरते मरत नाहीत, उरलेले निगरगट्ट होतात, हे तुम्हांला कुणी सांगितलंच नसेल, असं मी मानत आले.

पण लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षी मला टायफॉईड झाला. ताप उतरल्यावर मी शहाणपणानं म्हटलं, "आता राहिलेल्या कॅप्सूल डब्यात टाका." तुम्ही जन्मात एकदाच माझ्यावर ओरडलात, "गप गीळ! शेवटची सरंस्तोवर सोडणार न्हाई मी." मग पाठीवरून हात फिरवत बसलात. म्हणजे तुम्हांला माहीत होतं का, आप्पा? की ती नुसती माया होती? तुम्ही होता तोवर विचारायचं सुचलं नाही. आज त्या बशीसमोर तुमचा तो हात पाठीवर हवा होता, उत्तर नसतं मिळालं तरी चाललं असतं.

अर्धवट औषध देऊ नका, हे औषध दुकानदारांना समजावायला हल्ली मी उदगीरला जाते. सांगते, "एक कंपाउंडर होता. लई भला माणूस, पण उरलेल्या कॅप्सूल डब्यातून वाटायचा." सगळे हसतात. मीही हसते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते: तो माझा बाप होता, हे मी तिथं अजून एकदाही सांगितलेलं नाही.