शब्द निघाला की मेणबत्ती विझते

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय उदय,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणते. पण आपल्या झोपायच्या खोलीत, आतून कडी लावली की, मी तुला 'तू' म्हणते आणि हे पत्र मी त्याच खोलीत बसून लिहितेय. म्हणून आज सगळं 'तू'च. वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या बराकीत कुणाच्या हाती लागलं, तर सगळी पलटण मला सॅल्यूट ठोकेल.

आधी बातमी. सोमवारी मला कारखान्यात क्वालिटी विभागाची प्रमुख केलं! बारा वर्षं एमआयडीसीत पार्ट तपासले, भल्याभल्यांच्या तोंडावर 'रिजेक्ट' म्हटलं, आणि घरी आल्यावर मात्र कशालाच 'नाही' म्हटलं नाही. हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत विषय मीच काढला होता. फोनवर वाचलं होतं, की काही जोडपी राजीखुशीनं अंगावर गरम मेणाचे थेंब घेतात आणि त्यात सुख असतं. सांगताना माझे कान लाल झाले होते. तू हसशील असं वाटलं, पण तू तर वही घेऊन बसलास. पाण्याची बादली, ओला टॉवेल, पाठीला खोबरेल तेल, मेण चेहऱ्यापासून लांब. तीनदा विचारलंस, तुला खरंच हवंय ना. आणि एक शब्द ठरला. तो निघाला की मेणबत्ती विझणार, का म्हणून विचारायचं नाही, हा नियम तुझा. शब्द मी दिला, माझ्या माहेरच्या गावाचा, रहिमतपूर. तशा वेळी रहिमतपूर कुणाला आठवतंय म्हणून किती हसलास.

आणि तरी घोळ झालाच. महाबळेश्वरहून आणलेली मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती आपण लावली. शुद्ध आहे, महाग आहे, म्हणजे चांगलीच असणार! ते मेण जास्त तापतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. पहिल्याच थेंबाला चांगला चटका बसला. मी दात आवळून गप्प. दुसरा, तिसरा, तरी गप्पच. तुला वाटलं, आवडतंय. आमच्या घरी तव्याचा चटका बसला तरी पोरीनं ओरडायचं नाही, हात पाण्याखाली धरायचा आणि पुढची भाकरी थापायची. त्याच सवयीनं मी पडून राहिले. सकाळी खांद्यावरचा फोड पाहिलास आणि खाली बसलास. "आगं, तू गप ऱ्हायलीस तर माझ्या हातनं काय हुतंय, मला कसं कळायचं गं?" एवढं म्हणून रडलास. तुला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मेणबत्त्या कपाटात गेल्या आणि तुझा हुकूम सुटला, रोज एकदा तरी रहिमतपूर म्हणायचं, कशालाही. पहिल्या दिवशी तू केलेला चहा गोडमिट्ट होता. अर्धा कप घशाखाली घालून मग माझ्या तोंडून शब्द निघाला. तू कप मोरीत ओतलास आणि दुसरा चहा टाकलास. यवतेश्वरच्या घाटात गाडी हाणत होतास, तिथे मी ओरडलेच, आणि तू गाडी कडेला घेतलीस. येताना मी उगाचच दोनदा थांबवलं, तुझी गंमत बघायला.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मीच सोयाबीनच्या मेणाच्या साध्या मेणबत्त्या मागवल्या. थर्मामीटर घेऊन एकेक तपासली, आपला धंदाच तो. तू आधी स्वतःच्या मनगटावर थेंब घेतलास, मग हात उंच धरून माझ्या पाठीवर. एकदम गरम, मग नुसती ऊब, मग थेंब घट्ट होत कातडी हलकेच ओढायचा, आणि पुढचा कुठे पडेल या विचारानं मी अंगभर जागी. सातव्या थेंबाला दुखत नव्हतं, तरी मला पुरे वाटलं आणि मी शब्द म्हटला. तू फुंकर मारलीस. काही विचारलं नाहीस. चहा, गाडी हा सराव होता रे, हे खरं होतं. मला असं हसू फुटलं, की पाठीवरचं मेण तडकून गादीभर सांडलं. मग मीच म्हटलं, लाव परत. एवढी खूश मी आपल्या लग्नातही नव्हते.

आता परवाचा फोन. मी बढतीचं सांगणार, तेवढ्यात तू सुरू झालास. आईंचे गुडघे दुखतात, मार्चमध्ये नोकरी सोड, माधवनगरला त्यांच्याजवळ राहायला जा, ठरलं. आणि मी 'बरं' म्हणाले! फोन ठेवला आणि खांद्यावरची ती जागा चोळत बसले. मी पुन्हा दात आवळून पडून राहिले होते, आणि तुला पुन्हा वाटलं, हिला चालतंय. फोनवर तू मधे बोलतोस, म्हणून हे पत्र. काल मी आईंशी बोलले. साताऱ्याला माझ्याकडे या म्हटलं, तर म्हणाल्या, "यीन की, त्यात काय! हितं तरी मला कोण हाय?" त्यांची खोली लावून ठेवलीय. तुझ्या सुट्टीसाठी मेणबत्त्याही आणून ठेवल्यात. नोकरी मी सोडणार नाही. का म्हणून विचारू नकोस, नियम तुझाच आहे.

रहिमतपूर, उदय.

तुझीच,
शिवांजली